मिरचीच्या खेपेबरोबर

परवा सकाळी माझा मुलगा शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "आई, सोमवारी दुकानाच्या मालासाठी अकोल्याले जाऊन राह्यलो. जीप जातेच हाय, तं तुहे गुडघेही दाखवून आनू. एका चकरेत दोन कामं."

यात वाईट काय आहे, सांगा? पोरगा गुणी आहे. शेलूबाजारात त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे, सकाळपासून डोकं वर काढायला सवड नसते, तरी आईच्या गुडघ्यांची त्याला आठवण आहे. पण ते शब्द कानावर पडले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं ताट मी ओट्यावर आपटलं. "माहे गुडघे काय सरकीचं पोतं हाय का, जीपमधी जागा उरली तं टाकाले? मी तुह्या मालासंगं येत नाई. माह्या गुडघ्यासाठी न्यायचं असंन तं येगळा दिवस काढ!"

तो बघतच राहिला. सुनेनं दारातून डोकावून पाहिलं, आणि दोघांच्या नजरेत एकच उत्तर होतं, म्हातारपण. म्हटलं, म्हणा काय म्हणायचं ते.

पण दोष एकट्या त्याच्या बोलण्याचा नव्हता. शेजारच्या गच्चीवर त्या दिवशी मिरच्या वाळत घातल्या होत्या. आता आमच्याकडे मिरची विकायला म्हणून फारसं कुणी लावत नाही. सोयाबीन निघालं की हरभरा, हरभरा निघाला की मोकळं रान. मिरची उरली ती घरच्या तिखटापुरती. तरी त्या मूठभर मिरच्यांवरून वारा आला, नाक झणझणलं, आणि माघातलं ते तसलंच पांढरं ऊन अंगणात उभं राहिलं. आत्याबाई आठवल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मी लग्न होऊन त्या घरात आले ती वर्षं अशी, की आपण मध्य प्रदेशातले की मुंबई राज्यातले, यावर पारावर रोज वाद पेटायचा आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट आपली कुरकुरत चालायची. मी वाशीमच्या शाळामास्तरांची मुलगी. घरात वर्तमानपत्र येई, दाराला पडदा होता. सासर मिळालं ते वांगी-कांदा-मिरचीचा मळा असलेलं. पहिल्या माघात मला वाटलं, आपण इथं जगत नाही. रानात मोकळ्या केलेल्या जमिनीवर नजर पोचेल तिथवर लाल मिरच्या पसरलेल्या. दुपारी ऊन तापलं की त्यातून जी वाफ उठायची तिला वऱ्हाडात खाट म्हणतात. त्या खाटानं माणूस शिंकत उठायचं आणि शिंकत झोपायचं. हाताची आग व्हायची, मग ताकात हात बुडवून बसायचं. तान्ह्या लेकराला आईनं घ्यायचं म्हटलं तरी आधी तेल लावून हात धुवायचे. डोळे तर घरादाराचे लाल. पाहुणा आला तर त्याला वाटावं, या घरात कुणी गेलं की काय.

आणि तरीही तो हंगाम देखणा होता, हे खोटं कशाला सांगू! पहाटे दव पडून मिरच्या नरम झालेल्या असायच्या, तेव्हाच पोती भरायची. उन्हात भरली तर मिरचीचा चुरा होतो. माझे यजमान पायाला फडकी गुंडाळून पोत्यात उभे राहायचे आणि मिरची तुडवायचे. आम्ही बाया वरून टोपल्या ओतायच्या. धुकं, लाल रंग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि सगळ्यांच्या शिंका. त्या गडबडीत आत्याबाई एका बाजूला बसून देठ खुडत असायच्या. बोटांनी चाचपून खुडायच्या. मला वाटे, किती सराईत हात आहे, बघायचीही गरज पडत नाही!

बघायची गरज नव्हती असं नाही. त्यांना दिसत नव्हतं.

एकदा संध्याकाळी मी कंदील लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरी, दिव्याभवती रंगीत कडं दिसते वं. तुले दिसते का?" घरात हसाहशी झाली. चुलत सासूबाईंनी हात जोडून विचारलं, "देव दिसून राह्यला का काय, बाई?" आत्याबाईही हसल्या. डोळा ठणकतो म्हणाल्या, तर त्यावर ओल्या ताकाची घडी. लाल झाला म्हणाल्या, तर धण्याचं पाणी. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच निदान, मिरचीचा खाट हाय, हंगाम सरला की जाईन. ज्या घरात सगळ्यांचेच डोळे लाल असतात, तिथं एकीचा डोळा खरोखर बिघडला हे कळावं कसं? हंगाम सरला. सगळ्यांचे डोळे निवळले, त्यांचे नाही. तेव्हा म्हणाले, जुना खाट हाय, डोयात मुरला.

कारंज्याला तिथले व्यापारी दरवर्षी माघात धर्मशाळेत डोळ्यांचं शिबीर भरवत. नागपूरचे डॉक्टर येत, फुकट तपासत, शस्त्रक्रिया करत. आमची मिरचीची खेपही माघातच कारंज्याला जायची. योग कसा जुळून आला, म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं.

पण आमच्या घरचा एक नियम होता. गाडी वाया जाऊ द्यायची नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रिकामी गाडी जुंपणं पाप समजायचे. जाताना माल हवा, येताना बैलांसाठी सरकीची ढेप, मीठ, लोखंड, काहीतरी हवंच. आणि बाई? बाईसाठी म्हणून गाडी जुंपतात ती तिला नवरी करून आणताना. त्यानंतर ती गाडीत बसते ती कशाच्या तरी सोबत. माहेरी जायचं, बियाणं आणायला गाडी जाईल तेव्हा. नवस फेडायचा, बाजाराच्या वाटेवर देऊळ आहे म्हणून. 'जाता जाता' हे दोन शब्द मी त्या घरात इतके ऐकले की पुढे कुणी प्रेमानं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. आणि बैलाच्या खांद्याला गळू झालं तेव्हा? मामाजी ऐन पेरणीच्या दिवसांत बैलाची वेसण धरून पायी वाशीमला गेले. जाता जाता नव्हे, मुद्दाम. तेव्हा मी नवी होते, तोंडाला पदर होता. पण पदराआड माणूस काय काय पाहत असतं!

माझ्या लग्नानंतरच्या त्या पहिल्या खेपेला आत्याबाईंना न्यायचं ठरलं होतं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन त्या पोत्यांवर चढून बसल्याही. तेवढ्यात खालच्या आळीतले नाना धावत आले. "दादा, माही मिरचीची पोती घ्या ना बापा! ओल लागली तं सडतीन." मामाजींना नाही म्हणता यायचं नाही. साऱ्या गावात त्यांचं नाव होतं ते त्याचसाठी. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. आत्याबाईंना अंधुक दिसत असलं तरी ती नजर बरोबर दिसली. गाठोडं माझ्या हातात देऊन त्या चाकावर पाय ठेवून खाली उतरल्या. "पुढच्या खेपेले जाईन. डोये कुठी पयून चालले?" म्हणाल्या. त्यांच्या जागी नानांची पोती बसली.

पळूनच चालले होते डोळे. पण कुणाच्या लक्षात यावं? त्या वर्षभरात त्यांनी दोन वेळा मीठ घातलेली आमटी सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली, एवढीच काय ती दखल. उंबऱ्याला ठेच लागली की 'नीट पाहून चालत जा' असं त्यांनाच सांगितलं जाई. मी यजमानांजवळ विषय काढला तर ते म्हणाले, "बाबा नेतीन ना माघात. आता मधीच कायले?" आईचा जीव की प्राण असलेला मुलगा हा! मी फार चिडले की पाटा-वरवंट्यावर राग काढायची. त्या वर्षी आमच्याकडे चटण्या फार बारीक वाटल्या गेल्या.

पुढचा माघ आला. या वेळी मी म्हटलं, मीही जाते, हात धरायला कुणी हवं. मामाजी 'बरं' म्हणाले. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव ओट्यावर. कुणाला कंदिलाची काच, कुणाला विळ्याचं पातं, कुणाच्या नातवाला टोपरं, कुणाला गुडघेदुखीचं तेल. मामाजींना लिहिता येत नव्हतं. ते प्रत्येक कामाला उपरण्याच्या काठाला एक गाठ मारायचे आणि काम झालं की सोडायचे. एकही गाठ विसरायचे नाहीत, त्याचा त्यांना अभिमान होता. काठ सगळा गाठींनी भरून गेला तशी मी धीर करून विचारलं, "मामाजी, आत्याबाईच्या डोयाची गाठ कोनती?"

ते मोकळेपणानं हसले. "अवं, ते तं संगंच हाय! संगं असलेल्या मानसाची गाठ कायले माराची?"

त्या हसण्यात कपट नव्हतं. कपट असतं तर सोपं झालं असतं. कपटी माणसावर रागावता येतं, चार लोक आपल्या बाजूनं बोलतात. भल्या माणसावरचा राग एकट्यानंच गिळावा लागतो.

वाटेत एक मुक्काम करून सकाळी कारंज्याला पोचलो. आधी बाजार. अडत्याच्या दारात पोती उतरली, ढीग झाला, मग भाव व्हायची वाट. सगळीकडे गाड्या, बैलांचं शेण, कापसाचे कण हवेत उडताहेत, धान्याचा गोडसर वास, आणि मंदिरांतल्या घंटा. मी कारंजा पहिल्यांदाच पाहत होते. एरवी किती हरखले असते! पण आत्याबाई गाडीत हिरवं लुगडं सावरून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आले का वं?" मी म्हणायची, "येतीलच." 

माल विकला. मामाजी आले, तोंड प्रसन्न. "आलोच. बाजारात आलोच हाय तं हे दोन-चार गाठी सोडून टाकतो, मंग दवाखान्यातच जाऊ." गेले. शेजारच्या गाडीतली एक बाई डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याला भाकर भरवत होती. ती मला म्हणाली, "तुमीही डोयासाठीच आले का? मंग लवकर जा माय. आज आखरीचा दिस हाय. दुपारून पाहत नाई ते." 

मामाजी कंदिलाची काच घेऊन आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. "हो हो," म्हणाले, "फक्त पातं रायलं." गेले. मग टोपरं. टोपऱ्याचं माप लहान निघालं म्हणून बदलायला पुन्हा गेले! कुणाच्या तरी नातवाच्या डोक्याला टोपरं सैल की घट्ट याची त्या माणसाला काळजी होती. ऊन गाडीच्या एका चाकावरून दुसऱ्या चाकावर सरकलं. मला गाडीतून उडी मारून आत्याबाईंना ओढत न्यावंसं वाटत होतं, पण धर्मशाळा कुठं हे ठाऊक नव्हतं, आणि बैल, ढेप, सामान सोडून जायचं कुणाच्या भरवशावर?

धर्मशाळेत पोचलो तेव्हा एक स्वयंसेवक जाजम गुंडाळत होता. "तपासणं झालं," तो म्हणाला. "ज्यांची नावं घेतली त्यांचीच आता ऑपरेशनं. पुढच्या माघात या."

मामाजींनी मान हलवली. "बरं बापा. पुढच्या साली खेप हायच." आणि आत्याबाईंना म्हणाले, "चाल वं. उन्हं कलली, बैल भुकेले असतीन."

आत्याबाई खाली बसल्या. तिथंच, धर्मशाळेच्या दारात, पायरीवर. मला वाटलं भोवळ आली. मी हात द्यायला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मी नाई येत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "बैल भुकेले असतीन, तुमी जा. मी पुढच्या माघापावतर इथंच बसतो."

"अवं, उठ! काय करून राह्यली हे? लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. मले थोडेच दिसते ते!"

जमलेल्या माणसांत कुणी हसलं, पण ते हसणं लगेच विरलं. मामाजींनी मला खूण केली, उठव तिला म्हणून. मी नवी सून, सासऱ्यांचा शब्द मोडणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना कळणार नाही. मी आत्याबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

गलबला ऐकून डॉक्टर बाहेर आले. हात पुसत होते, वैतागलेले होते. पण पायरीवरच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिथंच वाकून त्यांनी पापण्या वर केल्या, बॅटरीचा उजेड पाडला. एका डोळ्यात बराच वेळ पाहिलं, मग दुसऱ्यात.

"हा कधीपासून दुखत होता?"

"मिरचीचा खाट हाय साहेब," आत्याबाईंच्या ऐवजी मामाजीच बोलले. "आमच्याकडे साऱ्यायलेच होते."

"मिरची नाही ही. दिव्याभोवती रंग दिसत होते का बाई?"

"हो जी. लई दिस झाले. आता रंगही नाई अन् दिवाही नाई त्या डोयात."

डॉक्टर उभे राहिले. "हा गेला. यात आता काही होणार नाही. गेल्या वर्षी आणलं असतं तर..." त्यांनी बॅटरी विझवली. "दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. तो उद्या सकाळी काढू. घ्या यांना आत."

मामाजी उपरणं उगाचच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, मंग मी घरी माल पोचवून येतो." आणि गेले. लोकांच्या वस्तू वेळेवर पोचायला हव्या होत्या ना!

आम्ही दोघी राहिलो. तेव्हा मोतीबिंदू काढला की माणसाला उताणं निजवून ठेवत, दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या थैल्या. हलायचं नाही, खोकायचं नाही आणि शिंक तर मुळीच नाही. शिंकेनं टाका तुटला तर डोळा गेला. मला रात्रंदिवस त्या शिंकेचीच भीती. आत्याबाई मात्र निवांत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना 'नुसत्या पडून राहा' असं बजावलं होतं. त्या झोपल्या की शेजारच्या खाटेवरच्या बाईला लक्ष ठेवायला सांगून मी बाहेर पडायची. कारंजा हिंडून घेतलं मी. मंदिरातली नक्षी पाहिली, सरकीचे डोंगर पाहिले, बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. कुणासाठी काही आणायचं नव्हतं, कुणाचा निरोप द्यायचा नव्हता. तो मोकळेपणा मी अजून विसरले नाही.

मामाजी चार-सहा दिवसांनी भेटायला आले ते गाडीभर कांदे घेऊन. येतच होते, तर गाडी रिकामी कशाला! कांदे विकून ते धर्मशाळेच्या दारात आले आणि ओळीनं निजलेले पेशंट नाकं चोळायला लागले. त्यांच्या धोतरात, उपरण्यात, केसांत मिरची भरलेली. तो जाजमवाला स्वयंसेवक धावत आला आणि त्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. "बाबा, सगळ्यांचे डोळे घालवता काय!" मामाजी दिवसभर बाहेर लिंबाखाली बसून राहिले. मी भाकर नेऊन दिली तर म्हणाले, "तिले सांग, मी आलो होतो." मला त्यांची दयाही आली आणि रागही, आणि दोन्हींपैकी राग जास्त होता. तो आजही जास्त आहे.

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा मिळाला, आम्ही घरी आलो. संध्याकाळी ओटा भरला. नाना होते, टोपरेवाले आजोबा होते, काच मिळालेली बाई होती. सगळ्यांनी आत्याबाईंचा चष्मा पाहून घेतला. नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "दादासारखा मानूस नाई गड्या! एका खेपेत मिरची इकली, साऱ्या गावाचे कामं केले, अन् बायकोचा डोयाही करून आनला."

मामाजी खाली मान घालून सुपारी कातरत होते. तो मान त्यांनी नाकारला नाही. 

आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि त्या एका डोळ्यानं नानांकडे नीट पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या, "एक करून आनला. दुसरा मांगच्या साली तुह्या मिरचीसंगं इकला."